कुवोहीचा मनोरा: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या कुवोहीच्या मनोऱ्यावर जायचं ठरलं की लोकांचे तेच ते प्रश्न आमच्या फोनवर यायला लागतात. अटलांटा, शार्लट, रॅली, नॅशविल इथली मराठी कुटुंबं, भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईबाबा, मागच्या सीटवर मुलं आणि डिकीत डबे. घरी पाहुणा आला की त्याला वर नेऊन आणायचं हा आमचा शिरस्ता, त्यामुळे उत्तरं द्यायचं कामही आपसूक आमच्याकडे आलं. तीच उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं असतं, म्हणून क्रमांक दिले आहेत. शुल्क आणि रस्त्याची स्थिती मात्र निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

१. कुवोही म्हणजे नक्की काय? आम्ही तर क्लिंगमन्स डोम ऐकलं होतं.

दोन्ही एकच. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरचं हे शिखर ६,६४३ फूट, म्हणजे सुमारे २,०२५ मीटर उंच आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातली आणि अख्ख्या टेनेसी राज्यातली ही सर्वांत उंच जागा. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, तेव्हा त्याहून बरंच वर. पण कळसूबाईला शिड्या चढाव्या लागतात, इथे गाडी शिखराच्या अर्ध्या मैलावर जाऊन थांबते. शिखरावर काँक्रीटचा निरीक्षण मनोरा आहे आणि लोक जातात ते त्यासाठी.

२. मग नाव कधी आणि का बदललं?

सप्टेंबर २०२४ मध्ये. खरं तर बदललं नाही, परत आलं. इथले मूळ रहिवासी असलेले चेरोकी लोक या डोंगराला पूर्वीपासून कुवोही म्हणतात. अर्थ ‘तुतीची जागा’. त्यांच्यासाठी हा पवित्र डोंगर. त्यांचे वैदू आणि जाणते लोक इथे येऊन प्रार्थना करत आणि गावापुढच्या अवघड प्रश्नांवर वाट विचारत. १८३८ मध्ये चेरोकींना सैन्याच्या बळावर पश्चिमेकडे हाकललं गेलं, तेव्हा जे निसटले त्यांतले काही याच डोंगरांत लपून राहिले. आज नॉर्थ कॅरोलायनात असलेल्या ईस्टर्न बँड या चेरोकी समाजाने पाठपुरावा केला आणि जुनं नाव अधिकृत झालं.

मधलं नाव थॉमस क्लिंगमन या राजकारण्याचं. पुढे हे गृहस्थ यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने सेनापती झाले. त्यांचं आणि ते शिकले त्याच विद्यापीठातले प्राध्यापक एलिशा मिचेल यांचं, या भागातलं सर्वांत उंच शिखर कोणतं आणि ते आधी कोणी मोजलं, यावरून जाहीर भांडण जुंपलं होतं. आपलं मोजमाप पडताळायला मिचेल १८५७ मध्ये पुन्हा डोंगरात गेले आणि धबधब्याच्या कड्यावरून पडून वारले. पुढे भूगोलतज्ज्ञ आर्नोल्ड गियो यांनी १८५९ मध्ये या शिखराला क्लिंगमन यांचं नाव दिलं. मिचेल यांच्या नावाचं शिखर वेगळं आहे, ते प्रश्न २० मध्ये.

३. मनोरा किती उंच आहे? लिफ्ट आहे का?

लिफ्ट नाही आणि जिनाही नाही. मनोरा ४५ फूट उंच आहे आणि वर जायला ३७५ फूट लांबीचा गोल वळत जाणारा काँक्रीटचा रॅम्प आहे. तो संपतो तिथे गोल सज्जा. कठड्याशी फलक लावलेत, कुठल्या दिशेला कुठलं शिखर ते दाखवणारे.

मनोरा १९५९ चा. त्याआधी इथे लाकडी मनोरा होता. नवा बांधला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती: एवढ्या जंगलात ही उडती तबकडी कशाला, म्हणून. मला विचाराल तर लांबून तो विचित्रच दिसतो. पण रॅम्पमुळे गुडघे दुखणारी माणसंही सज्जापर्यंत पोचतात, तेव्हा माझी तक्रार नाही.

४. पार्किंगपासून किती चालावं लागतं?

अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर. रस्ता डांबरी, रुंद, कुठेही दगडधोंडे नाहीत. ‘अर्धाच मैल’ ऐकून लोक फसतात. त्या अर्ध्या मैलात चढ ३३० फुटांचा आहे, म्हणजे साधारण तीस मजल्यांची इमारत, आणि तो चढ मधे कुठेही सपाट होत नाही. शिवाय हवा थोडी विरळ. रोज चालणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. टेबलाशी बसून काम करणारे तिशीतले जवानही पहिल्या वळणावर गप्पा बंद करतात हे अनेकदा पाहिलंय. उतरायला निम्मा वेळ, पण गुडघ्यांना उतारच जास्त जाणवतो.

५. आई अडुसष्ट, बाबा बहात्तर. जमेल का त्यांना?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न. रोज अर्धा-पाऊण तास चालायची सवय असेल तर बहुतेकांना जमतं. माझी सासू सत्तरीत वर गेली, पन्नास मिनिटांत, पाच वेळा बसून. वाटेवर बाकं आहेत. ती सगळी वापरायची असं आधीच ठरवून निघालं तर कुणाला ओशाळं वाटत नाही.

तीन गोष्टी पाळा. एक, पोटभर जेवून लगेच चढू नका. दोन, त्यांना पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा. तुम्ही पुढे झालात की ते तुमचा वेग गाठायला बघतात आणि दम लागल्याचं सांगत नाहीत. तीन, काठी असेल तर उतरण्यासाठी आठवणीने घ्या. उंची सुमारे दोन हजार मीटर असल्याने डोंगरी आजार सहसा होत नाही, घाटात कानांना दडे बसतात तेवढंच. मात्र हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका. छातीत दुखलं, गरगरलं, तर ‘आता आलंच जवळ’ म्हणायचं नाही, मागे फिरायचं.

नाहीच जमलं तरी फेरी फुकट जात नाही. पार्किंगच्या कठड्यावरूनच दक्षिणेकडच्या डोंगररांगा मैलोन् मैल दिसतात. बाबांना तिथे घडीची खुर्ची टाकून द्या. आमच्याकडचे एक काका वर न जाता खालीच बसले आणि संध्याकाळी सगळ्यात खूश तेच होते.

६. व्हीलचेअर किंवा बाबागाडी नेता येईल?

बाबागाडी नेता येते, अनेक जण नेतात. चाकांना ब्रेक हवा आणि उतरताना पट्टा मनगटात अडकवा. लहान बाळासाठी पाठीवरची झोळी जास्त सोयीची.

व्हीलचेअरचं उत्तर सरळ द्यायचं तर, नाही. डांबरी रस्ता पाहून वाटतं ढकलत नेऊ, पण चढ इतका तीव्र आहे की व्हीलचेअरसाठी तो सुरक्षित मानत नाहीत, आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातातून खुर्ची सुटायची भीती असते. अशा पाहुण्यांसाठी कुवोहीचं पार्किंग आणि वाटेवरची खिंड, न्यूफाउंड गॅप, ही दोन ठिकाणं. दोन्हीकडे गाडीतून उतरल्या उतरल्या दृश्य समोर.

७. वर्षभर केव्हाही जाता येतं का?

नाही. हाच प्रश्न न विचारल्यामुळे सर्वांत जास्त लोक फसतात. न्यूफाउंड गॅपपासून मनोऱ्याच्या पार्किंगपर्यंतचा सात मैलांचा रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. म्हणजे नाताळच्या सुटीत स्मोकीजला गेलात तर मनोरा गाडीने गाठता येत नाही. वाट आणि मनोरा उघडेच असतात, पण तिथवर चालत जायचं तर बर्फातून जाऊन-येऊन चौदा मैल आणि वर शेवटचा अर्धा मैल.

यालाही अपवाद आहेत. नोव्हेंबरात किंवा एप्रिलात बर्फ पडलं, वादळ झालं तर रस्ता आयत्या वेळी बंद होतो. शिवाय वर्षातून तीनदा अर्धा दिवस हा भाग इतरांसाठी बंद ठेवून चेरोकी शाळांतल्या मुलांना आपल्या डोंगराची ओळख करून घ्यायला आणतात. तारखा आधी जाहीर होतात.

कुठला महिना चांगला म्हणाल तर माझं मत: मेचा शेवट ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला सगळी दुनिया लोटते. रंग वरून खाली उतरत येतात, म्हणजे शिखराजवळ महिन्याच्या सुरुवातीला आणि खालच्या दरीत महिनाअखेरीस. ऑक्टोबरात जायचंच असेल तर आठवड्यातला मधला वार धरा.

८. तिकीट किती आहे?

प्रवेश फुकट. मनोऱ्यालाही वेगळं तिकीट नाही. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत हे दुर्मीळ. कारण मजेशीर आहे: इथले रस्ते संघराज्य सरकारच्या ताब्यात देताना टेनेसी राज्याने अट घातली की यांवर कधीही टोल घ्यायचा नाही. वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटी होतात, देशातलं सर्वांत गर्दीचं राष्ट्रीय उद्यान, पण दारात पैसे घेता येत नाहीत.

म्हणून मार्च २०२३ पासून पार्किंगचा टॅग आला. उद्यानात कुठेही १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी केली तर तो लागतो. लागू झाला तेव्हापासूनचे दर: दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, वर्षाचे ४०. व्हिजिटर सेंटरांत, उद्यानातल्या यंत्रांवर आणि ऑनलाइन मिळतो.

९. आमच्याकडे सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आहे. तरी टॅग लागेल? आणि दोन गाड्या, भाड्याची गाडी असेल तर?

लागेल. तो वार्षिक पास प्रवेशशुल्काचा, आणि इथे प्रवेशशुल्कच नाही.

टॅग गाडीगणिक एक. दोन गाड्या असतील तर दोन टॅग. टॅगवर गाडीचा नंबर असतो, त्यामुळे एकीचा दुसरीवर चालत नाही. इथे आम्ही एकदा हात भाजून घेतले. भाड्याने गाडी घेणार होतो, आदल्या रात्री आरक्षणाच्या कागदावर आलेला नंबर टाकून टॅग छापला, आणि सकाळी काउंटरवर भलतीच गाडी हातात आली. पाच डॉलर पुन्हा भरले. भाड्याची गाडी ताब्यात आल्यावरच टॅग घ्या. ऑनलाइन घेतलात तर कागदावर छापून काचेआड ठेवा. फोनमधलं चित्र टॅग म्हणून चालत नाही.

१०. कुठल्या बाजूने यावं? मॅपवर कुवोही सापडत नाही.

जुन्या गाड्यांच्या नकाशात अजून क्लिंगमन्स डोमच असतं, ते टाका. मात्र नकाशा आधीच डाउनलोड करा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

दोन दारं आहेत: टेनेसीतलं गॅटलिनबर्ग आणि नॉर्थ कॅरोलायनातलं चेरोकी. दोन्ही गावांना जोडणारा यूएस ४४१ हा घाटरस्ता, आणि बरोबर माथ्यावर न्यूफाउंड गॅप. तिथून कुवोहीचा रस्ता फुटतो. कुठल्याही गावातून पाऊण ते एक तास धरा. अटलांटाहून किंवा शार्लटहून येणाऱ्यांना माझा आग्रह, चेरोकीकडून या. गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्जमधल्या गर्दीत सुटीच्या दिवशी जो तास जातो तो वाचतो. शिवाय ओकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटरच्या कुरणात सकाळ-संध्याकाळ एल्क ही मोठी हरणं चरताना दिसतात. शार्लटकरांनी निघण्याआधी आय-४० हा महामार्ग आणि ब्लू रिज पार्कवे हा डोंगररस्ता यांची स्थिती बघावी. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळात दोन्हींचे मोठे तुकडे वाहून गेले होते.

नॅशविलकरांनी घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नये. उद्यान पूर्वेच्या वेळेत आहे. सूर्यास्त हुकलेली मंडळी मला ठाऊक आहेत.

उद्यानाच्या आत पेट्रोल पंप नाही, टाकी गावातच भरा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक दाबून धरू नका. घाटात जळक्या ब्रेकचा वास येत असतो, तो आपल्या गाडीचा नसावा.

११. वरून काय काय दिसतं? सात राज्यं खरंच दिसतात?

हवा अगदी लख्ख असेल तर शंभर मैलांपर्यंत नजर जाते आणि टेनेसी, नॉर्थ व साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, व्हर्जिनिया, अलाबामा यांचे डोंगर आवाक्यात येतात असं सांगतात. पण डोंगरावर राज्याची पाटी नसते. क्षितिजावरची निळी रेघ जॉर्जियाची म्हणायची की नाही, हे तुमच्यावर. एरवी दमट, धुरकट दिवशी वीसेक मैल धरा.

खात्रीने ओळखता येतात त्या गोष्टी: ईशान्येला माउंट ले कॉन्टचा भरभक्कम खांदा, दक्षिणेला दरीत चकाकणारा फोंटाना तलाव. तलाव म्हणजे धरणाचं पाणी, आणि ते ४८० फुटी फोंटाना धरण अमेरिकेच्या पूर्व भागातलं सर्वांत उंच. बाकी रांगांमागून रांगा. सह्याद्रीसारखे तुटलेले कडे इथे शोधू नका. हे डोंगर सह्याद्रीपेक्षा कितीतरी म्हातारे, झिजून गोल झालेले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडीने झाकलेले. पहिल्यांदा पाहणारा पुणेकर ट्रेकर थोडा हिरमुसतो. दहा मिनिटं उभं राहिल्यावर, रांग मोजता मोजता पुढची फिकी होत जाते, तेव्हा बोलायचा थांबतो.

१२. चार तास गाडी चालवून वर गेलो आणि सगळं पांढरं. पैसे वसूल कसे करायचे?

हे होणारच. पर्वताचं नावच धुराचं आहे. शिखरावर वर्षाला सुमारे ८५ इंच पाऊस-बर्फ पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो तो इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. त्यामुळे ढग कुठल्याही महिन्यात.

निघण्याआधी गॅटलिनबर्गचं हवामान बघू नका, त्याचा उपयोग शून्य. गावात ऊन आणि वर काही दिसत नाही, हे नेहमीचं. उद्यानाच्या संकेतस्थळावर डोंगरमाथ्यांवरचे वेबकॅम आहेत, ते सकाळी उठल्या उठल्या बघा. उलटही होतं, आणि तेच खरं घबाड: रात्री पाऊस पडून गेला, पहाटे दऱ्या धुक्याने भरल्या आणि तुम्ही त्या धुक्याच्या वर. खाली ढगांचा समुद्र, त्यातून डोंगरांची बेटं. गावातून निघताना वायपर चालू असतो, म्हणून लोक बेत रद्द करतात आणि नेमका हाच दिवस घालवतात.

पांढऱ्यात सापडलातच तर लगेच परत फिरू नका. ढग इथे बसत नाहीत, वाहतात. अर्धा-पाऊण तास सज्जावर किंवा गाडीत थांबा. पडदा दोन मिनिटं सरकतो आणि मिटतो. आमच्या वेळा मोजल्या तर तीनांतल्या एकीला काहीच दिसलं नाही, आणि त्यातल्याच एका फेरीत माझ्या मुलीने ढगात हात घालून ‘ओला लागतोय’ म्हटलेलं अजून घरात सांगितलं जातं. एकच बंधन: गडगडाट ऐकू आला की खाली. मनोरा म्हणजे आसमंतातली सर्वांत उंच उघडी जागा, तिथे विजेची वाट बघू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळं येतात, म्हणून सकाळ बरी.

१३. डोंगरांवरचा तो निळसर धूर प्रदूषण आहे का?

थोडा आहे, बराचसा नाही. झाडं आयसोप्रीन, टर्पीन यांसारखी बाष्पनशील द्रव्यं हवेत सोडतात, त्यांपासून बनलेले सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि निळी झाक येते. नाव पडलं ते यावरून. कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या आणि गाड्यांच्या धुराने त्यात पांढुरकी भर घातली. कायदे कडक झाल्यापासून हवा बरीच सुधारली आहे.

१४. शिखराजवळ इतकी झाडं वाळलेली का? वणवा लागला होता?

नाही. ते फ्रेझर फर या सूचिपर्णी झाडांचे सांगाडे आहेत. युरोपातून आलेला एक इवलासा कीटक, बाल्सम वूली अ‍ॅडेल्जिड, या झाडांच्या सालीत शिरून रस शोषतो. तो १९६० च्या दशकात या उद्यानात सापडला आणि मोठी झाडं पाहता पाहता गेली. वर आलेल्या कुठल्याही पाहुण्याला पहिल्यांदा ते सांगाडेच दिसतात. पण खाली वाकून बघा, कोवळी रोपं दाटीने उगवली आहेत. स्प्रूस आणि फरचं हे जंगल मूळचं कॅनडाच्या थंडीतलं. इतक्या दक्षिणेला ते फक्त अशा उंच माथ्यांवर तगून राहिलंय. वाटेत येणारा नाताळच्या झाडाचा वास त्याचाच.

१५. जुलैत जातोय, स्वेटर लागेल?

हो. वरचं तापमान दरीपेक्षा १० ते २० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सहा ते अकरा अंश सेल्सियसने कमी असतं आणि वारा वेगळा. माणशी एक विंडचीटर आणि आजीसाठी कानटोपी. एप्रिल आणि ऑक्टोबरात पूर्ण थंडीचे कपडे. साडीवर चढायला हरकत नाही, चप्पल मात्र नको.

१६. वर खायला मिळतं का? डबा नेला तर बसायला जागा?

वर हॉटेल नाही. पाणी भरपूर घेऊन जा. मनोऱ्यापाशी जेवायला बसायची सोयही नाही. डबा उघडायचा तर टेनेसीच्या उतारावर चिमनीज पिकनिक एरिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला कॉलिन्स क्रीक, दोन्ही ओढ्याकाठी. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी असा प्रवासी डबा उत्तम. खरकटं दरीत टाकू नका, केळ्याचं सालसुद्धा नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

१७. अस्वलं खरंच असतात?

असतात. उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वलं आहेत. मनोऱ्याच्या गर्दीत भेट व्हायची शक्यता कमी, पिकनिकच्या जागी जास्त. ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत मुद्दाम जाणं हा गुन्हा आहे. दिसलं तर पळायचं नाही, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरायचं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे धीट होतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो, म्हणून डबे गाडीत बंद.

१८. स्वच्छतागृह आहे का?

पार्किंगला आहे, साधं, पाण्याशिवायचं. सॅनिटायझर जवळ ठेवा. वर मनोऱ्यापाशी काही नाही, म्हणून मुलांना आणि ज्येष्ठांना चढण्याआधी एकदा विचारा.

१९. सूर्योदय बघावा की सूर्यास्त?

गर्दी टाळायची तर सूर्योदय. सूर्यास्ताला सुटीच्या दिवशी पार्किंग भरून गाड्या रस्त्याकडेला लागतात, त्यामुळे दीड-दोन तास आधी पोचा. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरात सातच्या आसपास. दोन्ही वेळा टॉर्च हवाच, फोनचा नव्हे. अंधारात त्या उतारावर बरोबरच्या माणसांना वाट दाखवायला फोनचा उजेड पुरत नाही.

२०. गॅटलिनबर्गमधला उंच मनोरा आणि हा एकच का? आणि माउंट मिचेल जास्त उंच आहे ना?

गॅटलिनबर्गमधली स्पेस नीडल ४०७ फुटांची आहे, तिकीट काढून लिफ्टने जायचं. ती गावात आहे, तिथून गावाचे दिवे दिसतात. चालता न येणाऱ्यांसाठी चांगली सोय, पण कुवोहीची बदली नव्हे.

माउंट मिचेल ६,६८४ फूट, म्हणजे ४१ फुटांनी जास्त. मिसिसिपीच्या पूर्वेला त्याहून उंच काही नाही, तेव्हा ते भांडण मिचेलसाहेबांनीच जिंकलं. ते ॲशव्हिलच्या पलीकडे आहे, तिथेही माथ्यावर निरीक्षणाचा कट्टा आहे आणि चाल पुष्कळच कमी. आईबाबांना कुवोहीचा चढ झेपणार नसेल तर तोच बेत करा, फक्त पार्कवे उघडा आहे ना ते प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे बघून.

२१. अ‍ॅपलाचियन ट्रेल इथून जाते म्हणतात. थोडी चालता येईल?

मनोऱ्याच्या अगदी कुशीतून जाते, आणि जॉर्जियापासून मेन राज्यापर्यंतच्या जवळपास २,२०० मैलांच्या या पायवाटेवरची ही सर्वांत उंच जागा. पाठीवर बिऱ्हाड घेतलेलं कुणी भेटलं तर मार्च-एप्रिलात जॉर्जियाहून निघालेलं असू शकतं. एखादी चिक्की पुढे करा, नाही म्हणत नाहीत. शंभर पावलं चालून ‘मी ट्रेल केली’ म्हणायची मुभा आहे.

खरंच चालायचं असेल तर पार्किंगपासून फॉर्नी रिजच्या वाटेने अँड्र्यूज बाल्ड या डोंगरमाथ्यावरच्या कुरणावर जा. एका बाजूने १.८ मैल. जाताना उतार, म्हणजे परतताना चढ. जूनच्या उत्तरार्धात तिथे ऱ्होडोडेंड्रॉन आणि केशरी अझेलिया फुलतात.

२२. कुत्रा, सायकल, ड्रोन?

मनोऱ्याच्या वाटेवर कुत्रा आणि सायकल दोन्हींना बंदी, प्रशिक्षित सहायक श्वानाचा अपवाद. ड्रोन कुठल्याच राष्ट्रीय उद्यानात उडवता येत नाही.

२३. शिवजयंतीला भगवा घेऊन वर जायचा ग्रुपचा विचार आहे. चालेल?

१९ फेब्रुवारीला रस्ता बंद असतो, प्रश्न ७ पाहा. बर्फातून चौदा मैल चालायची तयारी असेल तर महाराजांना आनंदच होईल, पण मुलाबाळांना नेऊ नका. तिथीच्या शिवजयंतीचीही तीच गत, ती बहुधा मार्चमध्ये येते. इतर दिवशी झेंडा हातात धरून फोटो काढा. मनोऱ्याला बांधू नका, गुलाल उधळू नका, नारळ फोडू नका, मागे काही ठेवू नका. दुसऱ्या समाजाचं ते पवित्र स्थान आहे.

२४. मग कोजागिरी?

ही कल्पना मात्र झकास. कोजागिरी ऑक्टोबरात किंवा सप्टेंबरच्या अगदी अखेरीला येते, रस्ता उघडा असतो, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास समोरून उगवतो. सूर्यास्ताला मनोऱ्यावर, तिथेच दोन्ही बघायचे, मग उतरून पार्किंगला. शनिवारी आली तर दुपारी चारलाच जागा धरा. दूध तिथे तापवत बसू नका, घरून आटवून मोठ्या थर्मासमध्ये भरून आणा. पेले कागदी नकोत, वाऱ्याने उडतात. थंडी शून्याजवळ गेलेली असू शकते, म्हणून ब्लँकेट गाडीत. मसाला थोडा जास्तच घाला, शेजारच्या गाडीतलं म्हातारं जोडपं हमखास विचारायला येतं की हा कसला वास.